खंडेनवमीला जळालेला बोर्ड

लालबागच्या चाळीत दुसऱ्या मजल्यावर आमची एक खोली, तिच्यात आम्ही पाच माणसं, आणि खाली गल्लीत मसाला कांडायचे तीन डंके. सकाळी आठला डंके सुरू झाले की आमच्या मांडणीवरची ताटं त्या ठेक्यावर किणकिणायला लागायची. धाड, धाड, धाड. गावाहून कोणी पाहुणा आला की पहिल्या दिवशी दचकायचा, दुसऱ्या दिवशी शिंकायचा आणि तिसऱ्या दिवशी काहीतरी कारण काढून निघून जायचा. आई त्याच डंक्यावर मिरच्यांची देठं खुडायला बसायची. तिच्या बोटांत मिरची इतकी मुरलेली की धाकट्या बहिणीला भात भरवायचं काम बाबांकडे होतं. आईने चुकून तिच्या डोळ्याला हात लावला तर पोर तासभर रडायची. रोजचं जेवण भात आणि कुळथाची पिठी, बुधवारी सुकट, रविवारी मिळाला तर बांगडा. बाबांची गिरणी तेव्हा बंद पडलेली. ते कॉटन ग्रीनला एका गोदामावर रखवाली करायचे आणि घरी आले की गिरणीच्या आठवणी काढायचे नाहीत. आमच्या मजल्यावर बाकी सगळे काढायचे.

गिरणीतली एकच वस्तू बाबांकडे उरली होती, धागे कापायची छोटी कात्री. ती वर्षभर ट्रंकेत फडक्यात गुंडाळलेली असायची. खंडेनवमीला बाहेर निघायची, पाटावर मांडायची, हळदकुंकू, झेंडूचं फूल, बस. पूजेला लावलेलं हत्यार दसऱ्याच्या सकाळपर्यंत उचलायचं नाही, हा आमच्या घरातला नियम. मी लहानपणी एकदा पतंगाचा मांजा कापायला ती उचलली होती. बाबांनी आयुष्यात मला एकदाच मारलं ते तेव्हा. मारून झाल्यावर स्वतःच गॅलरीत जाऊन उभे राहिले. हे एवढ्यासाठी सांगतो की पुढे जे झालं त्यात हा मार आहे.

मी नववीत दोनदा नापास झालो आणि शाळा सोडली. डंक्याच्या शेजारच्या गाळ्यात डॉमनिक अंकलचं वर्कशॉप होतं. अंकल गिरगावातले, तिथल्याच जुन्या ख्रिस्ती वाडीतले, रोज बसने यायचे. आधी बोटीवर रेडिओचं काम करायचे. आता व्हिडिओ गेमची मशीनं बांधायचे. तेव्हा दादर-परळला गेमचे पार्लर निघाले होते, पोरं शाळा बुडवून तिथे पडलेली असायची. प्लायवूडचा उभा खोका, त्यात टीव्हीची काच, खाली दांडी आणि बटणं, आणि पोटात एक हिरवा बोर्ड. तो बोर्ड चित्र काढायचा. बोर्ड परदेशातून भंगार म्हणून यायचे, गोदीतून पेट्यांनी सुटायचे. तिकडे जुने झालेले, मोडलेले, म्हणून फेकलेले. आम्ही ते जिवंत करायचो. मी हात जोडून उभा राहिलो तेव्हा अंकलने विचारलं, “शिकला किती?”

“नववी.”

“पास?”

“नाय.”

“बरं झालं. पास झालेला पोरगा मला शिकवायला येतो. बस तिथे. नाव काय?”

“मधुकर.”

“एवढा लांब नाव आपल्याला नको. मध्या.”

तिथे माझ्या आधीपासून सुमन होती. आमच्याच चाळीत तळमजल्यावर राहायची, दहावी पास, माझ्याहून सहा महिन्यांनी मोठी. हे सहा महिने तिने मला पुढे चाळीस वर्षं ऐकवले. ती मशीनच्या वायरींच्या वेण्या बांधायची, बटणाच्या वायरी वेगळ्या, दांडीच्या वेगळ्या, गाळ्याच्या दाराशी चटईवर बसून. बोर्डाचं टेबल आत होतं. तिथे अंकल, आणि पाना-पक्कड द्यायला मी.

अंकलची पद्धत ठरलेली. बोर्ड आला की आधी नाकाने बघायचा, जळका वास येतो का. मग डोळ्याने, कुठे काही फुगलंय, फुटलंय का. मग त्याच्या कडेला जी सोनेरी दातांची पट्टी असते ती खोडरबराने घासायची, कारण आमच्याकडे मिरचीची पूड हवेतच होती, ती दातांत बसायची आणि बोर्ड घासताना आम्ही तिघं पाळीपाळीने शिंकायचो. मग मीटर लावून बोर्डाला मिळणारे पाच व्होल्ट बरोबर पाच आहेत का ते बघायचं. त्यासाठी मशीनच्या वीज देणाऱ्या डब्यावर एक बारीक स्क्रू असायचा, डावीकडे फिरवला की कमी, उजवीकडे जास्त. “पाच म्हणजे पाच,” अंकल म्हणायचे. “साडेपाच झाले की समज पेशंट आजारी. सहा म्हणजे मी पाद्र्याला बोलावतो.” एवढं सगळं झाल्यावर मग चित्र.

आणि चित्र यायचं ते बघण्यासारखं. आकाश खाली, समुद्र वर. विमानाला शेपूटच नाही. आम्ही हसायचो. सुमन हसायची नाही, दाराशी बसल्या जागेवरून मान वाकडी करून बघत राहायची. एक दिवस म्हणाली, “अंकल, हे सगळे सैनिक उजव्या अंगालाच फाटतात. डावीकडे कुणी फाटत नाही. म्हणजे चित्र बरं आहे, ते आणणारी वाट कुठेतरी तुटलीय.” अंकलने भिंग लावून बघितलं तर खरंच एक केसाएवढी तार उखडलेली. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला. “बाय, हे तुला कोणी सांगितलं?”

“कोणी कशाला सांगेल. दिसतंय ना.”

त्या दिवसापासून चित्र आलं की अंकल तिला हाक मारायचे. ती पदराला हात पुसत यायची, बघायची, सांगायची. मेमरीची चिप मेली असेल तर चांगली चिप आजारी चिपच्या पाठीवर दाबून धरायची आणि चित्र सुधारतं का बघायचं, ही अंकलची युक्ती. सुमन धरायची, मी बघायचो. “बघ मध्या, सासू बसली सुनेच्या उरावर,” ती म्हणायची, “आता घर सुधारतंय का सांग.” तिचा हात हलायचा नाही. माझा हलायचा. मला ते आवडायचं नाही हे मी आता सांगतो. तेव्हा मला वाटायचं मला ती आवडते. दोन्ही खरं होतं.

आज मी साठी ओलांडून बसलोय आणि पोट भरतोय ते अजून त्याच पद्धतीवर. पार्लर गेले, ती मशीनं गेली. आता माणसं जुनी ग्राफिक कार्डं घेऊन येतात. कॉम्प्युटरमध्ये चित्र काढायचं जे कार्ड असतं ते, वीस-पंचवीस वर्षांपूर्वीचं. लहानपणीचे गेम तसेच्या तसे खेळायला मिळावेत म्हणून हे लोक जुने भाग जमवून जुना कॉम्प्युटर पुन्हा बांधतात. मोठमोठ्या नोकऱ्यांतली माणसं, माझ्या स्टुलावर बसून रडकुंडीला येतात, काका काहीतरी करा. मी आधी नाकाने बघतो. लोक म्हणतात काकांचा हात चांगला. मी ऐकून घेतो. ज्या हातावर ही विद्या आधी उतरली होती तो हात वेगळा होता.

तर अंकलकडे लागून दोन वर्षं झाली, त्या वर्षी पावसाळा संपता संपता एका पेटीत एकाच गेमचे दोन बोर्ड आले, जहाजांच्या लढाईचे. दोन्ही मेलेले. अंकल म्हणाले दोघांचा मिळून एक करू. दिवाळीच्या सुट्टीआधी दादरच्या पार्लरला तो द्यायचा होता. पण अंकल दिवसभर खोक्यांच्या कामात, तेव्हा त्यांनी तो सुमनच्या पुढ्यात ठेवला. म्हणाले, “हा चालव. चालला की वायरी बंद. टेबलावर माझ्या बाजूला खुर्ची तुझी.” मी तिथेच उभा होतो. माझ्याकडे बघून म्हणाले, “मध्या, तू तिचा असिस्टंट.” ते गमतीने म्हणाले. मी गमतीने घेतलं नाही.

तीन आठवडे ती त्याच्यावर बसली. एका बोर्डाच्या चिपा काढून दुसऱ्यावर, एकेक पाय सोडवून. आधी नुसता पांढरा पडदा. मग पट्ट्या. मग एक दिवस समुद्र आला, निळाशार, त्यावर अर्धी अर्धी जहाजं. मग पूर्ण जहाजं. चाळीतली पोरं दाराशी गोळा झाली. शेवटी एकच खोट राहिली, खालची अक्षरं पाण्यात दिसावी तशी हलायची. सुमन म्हणाली, “व्होल्ट कमी पडत असणार. दसरा झाला की मीटर लावून बघू.” कारण दुसऱ्या दिवशी खंडेनवमी होती.

अंकलची ना नव्हती. ते म्हणायचे, तुमचा देव, माझी मशीन, दोघांचं जमलं तर मी कोण. सुमनने टेबल पुसलं, पाट मांडला, त्यावर सोल्डरिंगची सळई, पक्कड, पाने, मीटर, आणि कडेला तो बोर्ड. सगळ्यांना पाण्यात बोट बुडवून ओलं कुंकू लावलं. बोर्डाला लावलं ते वरच्या कोपऱ्यात, जिथे काही नाही तिथे, मोहरीएवढं. सोनेरी पट्टीपासून वीतभर लांब. मी बघत होतो. मीटरच्या डोक्यावर झेंडूचं फूल ठेवलं. अंकलने छातीवर क्रॉस केला आणि गिरगावला जेवायला गेले. सुमन आमच्या आईबरोबर घरी गेली, त्या दिवशी वडे आणि काळ्या वाटाण्याचं सांबारं होतं, आई म्हणाली, “तू पण चल मेल्या, गरम आहेत तवर.” मी म्हटलं गाळा झाडून येतो.

डंकेही त्या दिवशी पूजेला. लाकडी खांबांना हार घातलेले, गल्लीत एक आवाज नाही. मला त्या शांततेत बसवेना. मी बोर्डाकडे बघत होतो. एक स्क्रू. तिनेच सांगितलेलं, व्होल्ट कमी पडतात. मी तो स्क्रू फिरवून अक्षरं स्थिर केली तर उद्या अंकल बटण दाबतील आणि मी म्हणेन, मी केलं. मी बोर्ड पाटावरून उचलला. मशीनला जोडला. दसऱ्याआधी हत्यार उचलायचं नाही हा नियम मी मोडला आणि मला काही वाटलं नाही. पण मीटरला हात लावायला गेलो आणि थांबलो. त्याच्यावर फूल होतं. फूल खाली ठेवून मीटर उचलायचा, पूजा विस्कटायची, ते माझ्याच्याने होईना. गालावर बाबांचा हात आठवला. मी मीटर तसाच ठेवला आणि नुसत्या नजरेच्या अंदाजाने स्क्रू उजवीकडे फिरवायला लागलो. अक्षरं थोडी थांबली. अजून थोडं. अजून. मग पुरती थांबली, सुंदर, कापल्यासारखी. मला वाटलं थोडं वर असावं, नंतर कमी व्हायला नको. अजून थोडं.

डंके चालू असते तर तो आवाज मला ऐकूही आला नसता. टच. हरभरा फुटावा तसा. मग आणखी एक. पडदा काळा झाला आणि वास आला. मी बटण बंद केलं. स्क्रू होता तिथे परत आणला. बोर्ड पाटावर जसाच्या तसा ठेवला, कुंकवाचा कोपरा वर करून. फूल हललंही नव्हतं. मग घरी जाऊन वडे खाल्ले. सुमन समोर बसली होती, माझ्या पानात तिने आपल्या हाताने आणखी दोन वाढले.

दसऱ्याला अंकल नवा शर्ट घालून आले. सुमनने आपट्याची पानं दिली, अंकलने ती खिशात घातली. बोर्ड जोडला. काळा. पुन्हा. काळा. मीटर लावला, पाच म्हणजे पाच. अंकलने बोर्ड नाकाशी नेला आणि खाली ठेवला. दोन चिपांना चिरा गेलेल्या. “बारा व्होल्ट घुसले याच्यात,” ते म्हणाले. त्या पट्टीच्या दातांत पाचाचा दात आणि बाराचा दात जवळजवळ असतात, मधे काही ओलं पडलं तर बारा पाचात घुसतात, हे तोवर मला माहीत झालं होतं. खोटं बोलायला पुरेल एवढं काम मला आलं होतं. मी म्हणालो, “पट्टीवर कुंकू होतं अंकल. सकाळी आल्यावर मी वरवर पुसलं, दातांत ओल राहिली असणार. म्हटलं, कशाला सांगायचं.”

सुमन म्हणाली, “मी कोपऱ्यात लावलं होतं.”

मी म्हणालो, “ओघळलं असेल.”

ती वाद घालेल म्हणून मी तयार होतो. घातला नाही. तिने आपल्या उजव्या हाताचं बोट वर धरून बघितलं, जसं काही त्या बोटालाच विचारतेय. अंकल तिच्यावर ओरडले असते तर बरं झालं असतं. ते म्हणाले, “चूक माझी, बाय. मीच लावू दिलं. देवाचं देवाकडे, मशीनचं मशीनकडे.” थोड्या वेळाने म्हणाले, “तू आपली वायरीच बांध.” तिने दोन आठवडे बांधल्या. मग यायची बंद झाली. तिच्या वडिलांनी सांगितलं, पोरीला शिवणक्लासला घातलीय. ती खुर्ची मला मिळाली.

दोन वर्षांनी आमचं लग्न झालं. लोक विचारतात प्रेमाचं का, मी हो म्हणतो. चाळीस वर्षं माझं टेबल घरातच होतं, तिने त्याच्यावर कधी फडकंसुद्धा मारलं नाही. दर खंडेनवमीला ताट तयार करून माझ्या हातात द्यायची. “तुम्हीच लावा. माझा हात नको.” मी लावायचो. दरवर्षी एक दिवस असा यायचा की बोलावं, आणि मी कुंकू लावायचो. गेल्या वर्षी परळच्या इस्पितळात होती तेव्हा एक दुपार मी ठरवून बसलो. म्हटलं, सुमन, तुला एक सांगायचंय. ती म्हणाली, “ते नंतर सांगा, आधी ह्या नर्सला सांगा उशी बदलायला, ही ओली आहे.” मी उशी बदलून आणली. तोवर तिचा डोळा लागला होता. मला हायसं वाटलं. खोटं का लिहू, हायसंच वाटलं. चार दिवसांनी ती गेली.

आता गेल्या महिन्यातलं. एका माणसाने तीन ग्राफिक कार्डं आणून दिली. जुना गेमिंग कॉम्प्युटर बांधलाय, कार्डं कुठून कुठून गोळा केलीत, तिन्ही बिघडलेली. पहिल्याचे कंडेन्सर फुगलेले, ते बदलले, चित्र आलं. दुसरं दहा मिनिटांनी बंद पडायचं, त्याचा पंखा जाम आणि चिप थंड ठेवणारा लेप वाळून खडू झालेला, तेही चाललं. तिसऱ्यात चित्रावर उभ्या पट्ट्या, आणि खेळ सुरू केला की माणसांचे चेहरे फाटायचे, सगळे एकाच बाजूला. मेमरीच्या चार चिपा होत्या. कोणती मेली ते कळायला एकेक दाबून बघायची, आणि बदलायची तर तिच्यावरचा बारीक नंबर वाचायचा. माझ्या डोळ्यांना आता तो नंबर दिसत नाही. रविवार होता, माझी मुलगी शुभा आली होती. ती भायखळ्याला एका ऑफिसात आहे, रविवारी येऊन मला आठवड्याचं करून ठेवते. मी म्हटलं, “शुभा, जरा ह्या चिपेवर बोट दाबून धर, मी पडदा बघतो.”

ती दोन पावलं मागे गेली. “नको पप्पा.”

“अगं शॉक नाही लागत त्याला.”

“लागण्याचं नाही. आपल्या घरातल्या बायकांचा हात विजेच्या कामाला सोसत नाही. आई सांगायची.” मग हसली. “शाळेत असताना मी इस्त्रीचा प्लग उघडला तर आईने हातावर फटका मारला होता. तुम्हाला कॉम्प्युटरच्या कोर्सचा फॉर्म आणून दाखवला होता ना मी? तो आईने नको म्हटलं म्हणूनच भरला नाही. म्हणाली, माझ्या हाताने एकाचं नुकसान झालंय, तुझ्या नको.”

मला वाटत होतं नुकसान एका बोर्डाचं झालं. फार तर एका बाईचं. मी खुर्चीवर बसलो आणि तिला सगळं सांगितलं, स्क्रू, फूल, वडे, ओघळलं असेल. ती उभीच होती. सांगून झालं तेव्हा कुकरची शिटी झाली, तिने जाऊन गॅस बंद केला आणि परत आली.

“आईला माहीत होतं?”

“नाही.”

“ज्यांच्यासमोर खोटं बोललात त्यांना तरी सांगा.”

“दोघंच होती. अंकल कधीच गेले. दुसरी तुझी आई.”

शुभा रागावली असती, रडली असती, मला चाललं असतं. तिने टेबलाकडे बघितलं. “कुठला नंबर वाचायचाय?”

मी भिंग स्टँडला अडकवून कार्डावर आणलं आणि पिनेने चिप दाखवली. ती वाकली, एक डोळा मिटला, आणि अक्षर न चुकता अख्खा नंबर वाचला, मग शेजारच्या चिपेचा, मग न विचारता तिसरीचा. म्हणाली, “ह्या तिसरीचा एक पाय सुटलाय पप्पा, दिसतंय ना.” मी लिहून घेत होतो. मान वर करून बघितलं तर तिने दोन्ही हात पाठीमागे धरले होते, एकाने दुसरा घट्ट पकडून.